कूस बदलली की खोली फिरते

प्रश्न: मी ६३ वर्षांची, निवृत्त प्राथमिक शिक्षिका. पाच महिन्यांपूर्वी पहाटे उजव्या कुशीवर वळले आणि अख्खी खोली गरगर फिरली. पलंगाची कड धरून पडून राहिले. अर्ध्या मिनिटात थांबलं, पण ओकारी झाली. तेव्हापासून उजवीकडे कूस बदलली, अंथरुणातून उठले किंवा फळीवरचा डबा काढायला मान वर केली की तसंच होतं. ऐकू नीट येतं, कानात आवाज वगैरे नाहीत. एक्स-रेमध्ये मानेच्या मणक्यांची झीज निघाली म्हणून गळ्यात पट्टा आला आणि चकरीची गोळी दिवसातून तीनदा सुरू झाली. फरक शून्य. मागच्या महिन्यात गॉगल लावून व्हीएनजी नावाची तपासणी केली. अहवालात लिहिलंय की डोकं उजवीकडे वळवून खाली नेल्यावर ‘पोझिशनल निस्टॅग्मस, वरच्या दिशेचा व फिरकीचा’, आणि डाव्या कुशीवर ‘सौम्य आडवा निस्टॅग्मस’. मुलाने गूगलवर पाहिलं तर मेंदूची गाठ, अर्धांगवायू असं काय काय निघालं. डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवू का? एमआरआय करू का? मुलगा म्हणतो, यूट्यूबवर मान फिरवायचा व्यायाम आहे तो घरीच करू. गोळी किती दिवस घ्यायची? पुढच्या महिन्यात नातीच्या बारशाला रात्रीच्या रेल्वेने बंगळूरला जायचंय. जाऊ का?
– एक शिक्षिका, सांगली जिल्हा

नमस्कार बाई,

आधी तुमचं पत्र वाचलं, मग सोबतचा अहवाल. अहवाल उघडण्याआधीच बराचसा अंदाज आला होता. चक्कर येणाऱ्या माणसाला आम्ही डॉक्टर ‘नेमकं कसं वाटतं’ हे खोदून खोदून विचारतो आणि त्याला ते धड सांगता येत नाही. सांगणार कसं? त्या वेळी तो डोळे गच्च मिटून गादीला चिकटलेला असतो. त्यापेक्षा कशाने सुरू होतं आणि किती वेळ टिकतं, हे दोन प्रश्न जास्त कामाचे. दोन्हींची उत्तरं तुम्ही न विचारता दिलीत: कूस बदलल्याने, आणि अर्धं मिनिट.

तुम्हाला झालंय ते बहुधा बीपीपीव्ही, म्हणजे लोक ज्याला ‘कानातले खडे सरकले’ म्हणतात ते. जिवाला धोका नाही. मानेचा काही संबंध नाही. ‘बहुधा’ अशासाठी, की न तपासता शिक्का मारणं बरोबर नाही. पण पैज लावायची झाली तर मी उजव्या कानावर लावीन.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायची गरज नाही. तुमचे डोळे चांगले आहेत. ते फक्त कानाची चहाडी करतायत, आणि या आजारात आम्ही त्या चहाडीवरच जगतो. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग हाडात इतका खोल दडलेला असतो की त्यात डोकावता येत नाही, एक्स-रेत तो कळत नाही, साध्या एमआरआयमध्ये हे खडे दिसत नाहीत. डोळे मात्र समोर असतात.

कान आणि डोळे यांचं हे साटंलोटं कसं चालतं ते मुलाला करून बघू दे. फोन स्थिर धरून त्याने मान ‘नाही, नाही’ अशी हलवत हा मजकूर वाचावा. अक्षरं वाचता येतील. मग मान स्थिर ठेवून फोन तेवढ्याच वेगाने हलवावा. अक्षरं पुसट होतील. पहिल्या वेळी डोकं जितकं एका बाजूला गेलं तितकेच डोळे उलट बाजूला गेले, आणि तो हुकूम आतल्या कानातून आला, सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास. त्यासाठी प्रत्येक कानात पाण्यासारख्या द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आहेत: एक आडवी, एक पुढची, एक मागची. डोकं फिरलं की आतला द्रव मागे रेंगाळतो, नळीच्या टोकाशी असलेला मऊ पडदा वाकतो आणि डोळ्यांच्या स्नायूंना निरोप जातो.

या नळ्यांच्या शेजारी एक छोटी पिशवी आहे. तिच्यात कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे चुनखडीत असतो त्याच पदार्थाचे, डोळ्यांनी न दिसणारे स्फटिक चिकट थरावर बसलेले असतात. उभे आहोत की आडवे, गाडी सुटली की थांबली, हे त्यांच्या वजनावरून कळतं. वयाने, डोक्याला मार लागल्याने, किंवा अनेकदा काहीही कारण न सापडता, त्यातले काही सुटतात आणि नळीत शिरतात. बहुतेक वेळा मागच्या नळीत, कारण उभं असताना आणि उताणं झोपलं असतानाही ती सगळ्यात खालच्या अंगाला असते. आता तुम्ही उजवीकडे वळलात, की ते जड कण नळीत घरंगळतात, सोबत द्रव ओढतात आणि पडदा वाकतो. डोकं तर उशीवर स्वस्थ आहे, पण कान ओरडून सांगतोय की डोकं फिरतंय. डोळे बिचारे त्या हुकुमाप्रमाणे सरकतात, मेंदू त्यांना झटक्याने जागेवर आणतो, ते पुन्हा सरकतात. हे सरकणं आणि झटका म्हणजेच निस्टॅग्मस. डोळे सरकतात म्हणून खोली फिरते.

आता तुमच्या अहवालातल्या ओळी.

डिक्स-हॉलपाईक नावाची तपासणी तुमच्यावर झाली असणार. लंडनच्या क्वीन स्क्वेअरमधल्या रुग्णालयात मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाईक यांनी १९५२ साली ती नीट मांडली आणि आजही तिच्यावाचून चालत नाही. तुम्हाला टेबलावर पाय लांब करून बसवतात. मान उजवीकडे ४५ अंशात वळवतात, आणि डॉक्टर तुमचं डोकं दोन्ही हातांत धरून तुम्हाला चटकन मागे आडवं करतात, डोकं टेबलाच्या कडेखाली जरासं लोंबेल असं. ‘डोळे मिटू नका’ हे तीनतीनदा सांगावं लागतं, कारण मिटायची इच्छा अनावर होते.

पहिली दोन-चार सेकंदं काहीच होत नाही. मग बुबुळ थरथरायला लागतं. जवळून पाहिलं तर डोळ्याच्या पांढऱ्या भागावरची बारीक लाल शीर फिरताना दिसते: बुबुळाचा वरचा काठ झटक्याझटक्याने खालच्या, म्हणजे जमिनीकडच्या कानाकडे वळतो आणि त्याच वेळी डोळा कपाळाकडे उडतो. वेग वाढतो, शिगेला पोचतो, ओसरतो, मिनिटाच्या आत सगळं शांत. उठवून बसवलं की तेच उलट दिशेने, थोडं सौम्य. लगेच पुन्हा झोपवलं तर दुसऱ्या खेपेला जोर कमी असतो.

यातली प्रत्येक गोष्ट खड्यांवरून उलगडते. सुरुवातीची ती सेकंदं म्हणजे कण हलायला आणि द्रव ओढला जायला लागणारा वेळ. ओसरणं म्हणजे कण नळीच्या सगळ्यात खालच्या जागी पोचले. उठल्यावर उलट, कारण कण उलटे निघाले. आणि ‘वरच्या दिशेचा व फिरकीचा’ हे मागच्या नळीचं हस्ताक्षर आहे. या नळीची नस त्याच बाजूच्या डोळ्याचा एक तिरपा स्नायू आणि दुसऱ्या डोळ्याचा खाली ओढणारा स्नायू चालवते. त्यामुळे डोळे हळू खाली आणि फिरून जातात, मेंदूचा झटका त्यांना वर आणतो, आणि निस्टॅग्मसला नाव झटक्याच्या दिशेचं मिळतं. अहवालातली ती भीतिदायक ओळ वाचून मला बरं वाटलं, ते यासाठी.

आडव्या नळीत खडे गेले असते तर चित्र वेगळं दिसलं असतं. दोन्ही कुशींवर चक्कर, डोळे आडवे झटके देणारे, आणि ओकाऱ्यांनी माणूस अर्धमेला. ती ओळखायला उताणं झोपवून डोकं एकदा या कुशीला, एकदा त्या कुशीला वळवतात. झटके जमिनीच्या दिशेने असतील तर ज्या बाजूला जोर जास्त तो कान दोषी, छताच्या दिशेने असतील तर ज्या बाजूला जोर कमी तो. इथे भलेभले गोंधळतात. शिवाय मागच्या नळीतले खडे काढायची जी एपलीची क्रिया (तिच्याबद्दल पुढे सांगतो), तिने आडव्या नळीतले खडे निघत नाहीत, त्याला दुसऱ्या क्रिया आहेत.

तर मग डाव्या कुशीवरच्या ‘सौम्य आडव्या निस्टॅग्मस’चं काय? माझ्या मते तो विसरून जा. व्हीएनजीचा गॉगल आतून काळोखी असतो आणि त्यात इन्फ्रारेड कॅमेरा असतो. उजेडात आपण कशाकडे तरी नजर रोखून कानाची बारीकसारीक ओढ दाबून टाकतो. काळोखात रोखायला काही नसतं, म्हणून एरवी न दिसणारी हालचालही टिपली जाते. ठणठणीत माणसांना असा गॉगल घालून या-त्या कुशीवर झोपवलं तर त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचे डोळे थोडे सरकतात. यंत्र ते इमानदारीने छापतं. छापणाऱ्याला घाबरवायचं नसतं, पण घरी नेऊन गूगलवर टाकणाऱ्याची झोप उडते. तुमच्या कागदावर या हालचालीचा वेग सेकंदाला तीन अंश आहे, आणि त्या वेळी तुम्हाला चक्कर आली नव्हती अशी नोंदही आहे. एवढ्या किरकोळ वेगावर, सोबत दुसरं काही नसताना, मी कुणावर आजाराचा शिक्का मारणार नाही.

या साऱ्याचा उगम ज्या माणसाकडे जातो त्याची गोष्ट तुम्हाला आवडेल. रॉबर्ट बारानी, व्हिएन्नाचा. कानात गार किंवा कोमट पाणी सोडलं की डोळे सरकतात, याचा उलगडा त्याने केला (तुमच्या कानात तपासणीच्या वेळी सोडली ती गार-गरम धार हीच). त्यासाठी १९१४ चं नोबेल जाहीर झालं तेव्हा तो पहिल्या महायुद्धात रशियाचा युद्धकैदी होता. स्वीडनच्या राजपुत्राने रदबदली केली आणि १९१६ मध्ये तो सुटला. पुढे उप्सालाला असताना १९२१ मध्ये त्याने एका तरुण बाईची हकिगत लिहिली: उजव्या कुशीवर झोपलं की चक्कर, आणि डोळ्यांना उजवीकडे फिरकी. तुमचंच पत्र म्हणा ना, शंभर वर्षांपूर्वीचं.

आता गूगलने दाखवलेली भीती. डोक्याच्या स्थितीनुसार डोळे सरकण्याची मेंदूतली कारणंही असतात, विशेषतः लहान मेंदूतली. ती क्वचित असतात, पण असतात, आणि ती ओळखायलाही डोळेच पाहतात. तिथे डोळे आडवं करताक्षणी सुरू होतात, जराही थांबत नाहीत. बहुतेकदा फिरकी नसते, सरळ खालच्या दिशेने झटके. ती स्थिती ठेवाल तोवर चालू राहतात, दहा वेळा केलं तरी थकत नाहीत, नजर रोखूनही फारसे दबत नाहीत. गंमत म्हणजे डोळे एवढे हलत असूनही रुग्णाला कधीकधी चक्कर फारशी जाणवत नाही. असं काही दिसलं, किंवा खडे बसवायची क्रिया नीट करूनही दोन-तीन खेपांत डोळ्यांत काहीच बदल झाला नाही, की मी स्वतः एमआरआयची चिठ्ठी लिहितो. तुमच्या अहवालात यातलं काही नाही. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वंही हेच सांगतात: चित्र स्पष्ट असेल आणि दुसरी लक्षणं नसतील तर स्कॅनच्या वाटेला जाऊ नका. एमआरआयचे पैसे नातीच्या बाळलेण्यांना वापरा.

मात्र हे नीट लक्षात ठेवा, घरातल्यांनाही सांगा. चक्कर तासन् तास थांबेना, एकाचे दोन दिसू लागले, जीभ जड झाली, घास गिळेना, चेहरा किंवा हातपाय एका बाजूला लुळे पडले, आधाराशिवाय बसताही येईना, कधी नव्हे असं डोकं दुखलं किंवा एका कानाचं ऐकणं अचानक गेलं, तर हे पत्र बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन करून थेट मोठं रुग्णालय गाठा. कूस बदलण्याच्या चकरीशी त्याचा संबंध लावत बसू नका.

मानेबद्दल मला जरा स्पष्ट बोलायचंय. आपल्याकडे चक्कर म्हटली की मान, पित्त नाहीतर बीपी, यापलीकडे गाडी जात नाही. साठीच्या माणसाच्या मानेचा एक्स-रे काढला आणि मणके झिजलेले दिसले, तर त्यात नवल ते काय? ते पांढऱ्या केसांसारखंच आहे. ती झीज दिसली म्हणून चक्कर तिच्यामुळे, हा निष्कर्ष उडी मारून काढलेला असतो. बीपीचंही तसंच. बसलेलं असताना एकदम उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली तर बीपी जरूर बघावं, पण आडव्या आडव्या कूस बदलताना कुणाचं बीपी पडत नाही. तुमचा हा एकच तपशील मान आणि बीपी दोन्ही बाद करायला पुरेसा होता. पट्ट्याने एक वेगळंच नुकसान होतं: माणूस मान आणि धड एकत्र वळवायला शिकतो, भीतीने एकाच कुशीवर काठीसारखा झोपतो आणि तोल सावरायची सवयच मोडते. मान दुखत नसेल, हातांना मुंग्या नसतील, तर पट्टा कशासाठी हे पट्टा देणाऱ्यांना विचारा आणि काढा. आणि कुणी कानात तेल घालायला सांगितलं तर हसून नको म्हणा. ते कानाच्या बाहेरच्या पडद्याच्या अलीकडेच राहतं, खडे पलीकडे.

उपाय हाताने करायचा आहे. ओरेगनमधल्या पोर्टलंडचे जॉन एपली यांनी तो शोधला. डोकं ठरावीक क्रमाने फिरवून खडे नळीतून परत पिशवीत पाडता येतात, हे त्यांचं म्हणणं सहकाऱ्यांनी बरीच वर्षं हसण्यावारी नेलं. ज्या आजारावर कानाच्या शस्त्रक्रिया चालायच्या, तो दहा मिनिटांत टेबलावर बरा होतो हे पटणार कसं? त्यांचा गाजलेला लेख १९९२ मध्ये छापून आला. त्याच वर्षी कॅनडातल्या पार्न्स आणि मॅक्ल्युअर यांनी शस्त्रक्रियेत मागची नळी उघडल्यावर आत मोकळे फिरणारे कण प्रत्यक्ष पाहिल्याचं लिहिलं.

उजव्या कानासाठी क्रिया अशी होते. डिक्स-हॉलपाईकसारखंच उजवीकडे मान वळवून आडवं करायचं आणि डोळे थांबेपर्यंत, साधारण अर्धं ते एक मिनिट, थांबायचं. मग डोकं तसंच खाली ठेवून डावीकडे ९० अंश वळवायचं. पुन्हा थांबायचं. मग अंगासकट डाव्या कुशीवर, नाक जमिनीकडे. पुन्हा थांबायचं, आणि हनुवटी छातीशी ठेवून उठवून बसवायचं. डॉक्टर या सगळ्यात डोळ्यांवरून नजर काढत नाहीत. दुसऱ्या टप्प्यात डोळ्यांनी पुन्हा पहिल्याच दिशेने झटके दिले तर खडे बाहेरच्या वाटेला लागले. उलट दिशेने दिले तर ते मागे घसरले, काम फसलं. दहातल्या सात-आठ जणांना एकाच बैठकीत आराम पडतो. उरलेल्यांना दुसरी-तिसरी खेप लागते.

म्हणूनच मुलाला सांगा, व्हिडिओ चांगला आहे, पण पहिली खेप त्याच्या हातची नको. कान उजवा की डावा, नळी मागची की आडवी, हे त्याला ठरवता येणार नाही, आणि चुकीच्या कानाची एपली म्हणजे फुकटची कसरत. मधेच काही वेळा खडे मागच्या नळीतून आडव्या नळीत जातात आणि चक्कर पहिल्यापेक्षा दुप्पट होते. हे डॉक्टरांच्या टेबलावर झालं तर तिथल्या तिथे निस्तरता येतं, घरी झालं तर सगळ्यांचं धाबं दणाणतं. मान फारच ताठ असेल, डोळ्याचा पडदा सरकलेला असेल किंवा मानेच्या रक्तवाहिन्यांचा त्रास असेल, तर तेही आधी सांगायला हवं. अशांसाठी मान मागे न लोंबवता करायच्या क्रियाही आहेत. एकदा डॉक्टरांनी करून, शिकवून दिलं की पुढे कधी झालं तर घरी करायला माझी हरकत नाही.

मुलाच्या हाताला काम हवंच असेल तर त्याने दुसरं एक करावं, फार उपयोगी पडतं. तुम्हाला झटका येतो तेव्हा फोनने डोळ्यांचा व्हिडिओ काढावा. आडवं होण्याआधीच चित्रण सुरू करायचं. फोन आडवा, एका डोळ्याच्या जितका जवळ नेता येईल तितका, तुमच्या तोंडावर उजेड, आणि तुम्ही डोळे उघडे ठेवून सरळ समोर बघायचं, फोनकडे नाही. ‘उजवी कूस’ असं तोंडाने मोठ्याने म्हणावं म्हणजे नंतर गोंधळ होत नाही. डोळे थांबेपर्यंत बंद करू नये. अनेकदा रुग्ण दवाखान्यात पोचेस्तोवर डोळे शहाण्यासारखे वागायला लागतात, तेव्हा हे अर्ध्या मिनिटाचं चित्रण माझ्या तपासणीपेक्षा जास्त बोलतं.

जाता जाता एक गंमत सांगतो. पार्टीहून येऊन आडवं झाल्यावर ज्यांची खोली फिरते, त्यांचेही डोळे असेच सरकत असतात. अल्कोहोल नळीतल्या द्रवाच्या आधी त्या मऊ पडद्यात उतरतं, पडदा हलका होऊन वर तरंगू लागतो. काही तासांनी अल्कोहोल पडद्यातून आधी निघून जातं, पडदा उलट जड होतो, आणि डोळे दुसऱ्या दिशेने सरकतात. दारू प्यायल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी जो त्रास होतो, त्यात याचाही वाटा असतो. खडे नसतानाही कूस बदलून डोळे हलवता येतात ते असे.

गोळी. खडे नळीतून काढणारी गोळी अस्तित्वात नाही. बीटाहिस्टिन असेल तर ती निरुपद्रवी, पण या आजारात तिचा उपयोग फारसा नाही. सिनारिझिन किंवा प्रोक्लोरपेराझिन असेल तर पाच महिने फारच झाले. या गोळ्या ओकारी आणि गरगर दाबायला दोन-चार दिवस ठीक. उतारवयात त्या लांबल्या तर हात थरथरणं, अंग आखडणं, चाल मंदावणं अशी पार्किन्सनसारखी लक्षणं दिसू शकतात, सुस्तीने पडायचीही भीती. शिवाय त्या डोळ्यांच्या हालचालीही दाबतात. गोळीच्या पाकिटावरचं नाव डॉक्टरांना दाखवा, बंद करायची का ते विचारा आणि तपासणीआधीचे दोन दिवस ती न घेतली तर चालेल का हेही. बीपी-शुगरच्या गोळ्यांना मात्र हात लावू नका.

क्रिया झाल्यावर दोन रात्री बसून झोपा, गळ्यात पट्टा घाला, उजवीकडे वळूच नका, अशा सूचना अजूनही देतात. त्याने फारसा वेगळा फायदा होतो असं दिसलेलं नाही. त्या दिवशी स्वतः गाडी चालवत घरी जाऊ नका, एवढं पुरे. गरगर गेल्यावरही काही दिवस, कधी दोन-तीन आठवडे, चालताना तरंगल्यासारखं वाटतं. खडे बसले तरी मेंदूला हिशेब जुळवायला वेळ लागतो. रोज चाला, घाबरून पडून राहू नका. तोवर माळ्यावरचं काढायला स्टुलावर चढायचं नाही आणि रात्री बाथरूमला जाताना आधी काठावर बसून, दिवा लावून मगच उठायचं. योगवर्गाला जात असाल तर हलासन, सर्वांगासन तूर्त राहू द्या.

हे परत होऊ शकतं, आधीच सांगतो. पाच-दहा वर्षांत निम्म्याच्या आसपास लोकांना पुन्हा एखादा झटका येतो, म्हणजे उपचार फसला असं नाही, नवे कण सुटले. तुमच्या वयाच्या बायकांत हे जास्त, आणि हाडं ठिसूळ असणाऱ्यांत आणखी. ‘ड’ जीवनसत्त्व तपासून घ्या. दक्षिण कोरियात झालेल्या २०२० च्या एका मोठ्या अभ्यासात ज्यांचं ‘ड’ कमी होतं त्यांना ते कॅल्शियमसोबत दिल्यावर पुन्हा होण्याचं प्रमाण साधारण पाव हिश्शाने कमी झालं. आपल्याकडे ऊन भरपूर असूनही ‘ड’ कमी निघणाऱ्यांची रांग मोठी आहे.

तेव्हा या आठवड्यात कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. फोन करतानाच विचारा: ‘तुमच्याकडे डिक्स-हॉलपाईक आणि एपली करतात का?’ नाही म्हणाले तर दुसरा नंबर लावा. जाण्याआधी दोन तास पोटभर जेवू नका.

आणि हो, बंगळूरला जरूर जा. गाडीच्या हलण्याने खडे सुटत नाहीत. खालचा बर्थ मिळवा, तिकीट काढताना वय नीट भरलं की बहुधा मिळतोच. झोपताना डोकं उंच राहील अशी उशी घ्या आणि पहाटे स्टेशन आलं म्हणून धडपडून उठू नका, मुलाला दहा मिनिटं आधी उठवायला सांगा. बाळाला पाळण्यात घालताना वाकावं लागेल, तेव्हा जाण्याआधी निदान आठवडाभर तरी एपली होऊन गेलेली बरी.